पेट्रोल, सीएनजी की इलेक्ट्रिक : आधी कराचा हिशेब मांडा

गाडी घेताना आपण मायलेज आणि हप्ता बघतो. कराचा हिशेब फारसं कुणी मांडत नाही, आणि पैसा तर तिथेच मुरतो. हॉटेलच्या बिलावर सीजीएसटी-एसजीएसटी वेगळा छापलेला असतो. पंपाच्या पावतीवर मात्र लिटर, दर आणि रक्कम एवढंच.

2025 मधले मुंबईचे दर धरू. पेट्रोल साधारण 103 रुपये. त्यात केंद्राचं अबकारी शुल्क 21.90 रुपये, या शुल्कासकट होणाऱ्या किमतीवर राज्याचा व्हॅट 25 टक्के आणि वर लिटरमागे आणखी 5.12 रुपये. लिटरमागे 46 रुपयांच्या आसपास नुसता कर! महिन्याला 1000 किलोमीटर आणि लिटरला 15 चा मायलेज धरला, तर 6900 रुपये लागतात. त्यातले 3000 हून जास्त कराचे. तेवढंच अंतर सीएनजीवर, किलोला 25 किलोमीटर आणि 80 रुपये भाव धरून, 3200 रुपयांत होतं. पेट्रोलवाला जेवढा कर भरतो, जवळपास तेवढ्यात सीएनजीवाल्याचा महिना निघतो. राज्याने 1 एप्रिल 2022 पासून सीएनजीवरचा व्हॅट 13.5 वरून 3 टक्क्यांवर आणला, त्याचाही यात वाटा आहे. बदल्यात डिकी सिलिंडरला द्यायची आणि पंपावर रांग लावायची.

आरटीओचा एकरकमी कर दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला 11 टक्के, सीएनजीला 8, इलेक्ट्रिकला राज्याच्या 2025 च्या धोरणात माफ. जीएसटी लहान पेट्रोल-सीएनजी गाड्यांवर 18 टक्के, इलेक्ट्रिकवर 5. शिवाय ऑगस्ट 2025 पासून अटल सेतू, समृद्धी आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर इलेक्ट्रिक गाडीला टोल नाही. पुण्याला जाऊन आलात की 640 रुपये वाचले.

तरी ही माफी कायमची धरू नका. राज्याच्या 2025 च्या अर्थसंकल्पात 30 लाखांवरच्या इलेक्ट्रिक गाड्यांवर 6 टक्के कर सुचवला होता. तो मागे घेतला, पण विचार झाला होता. घरच्या मीटरवर चार्जिंग केलं तर महिन्याला दीडशेएक युनिट वाढतात आणि बिल वरच्या स्लॅबमध्ये जातं, हेही लक्षात घ्या.

माझं मत : महिन्याला 300 किलोमीटरही होत नसतील तर पेट्रोल पुरे. रोज पन्नासेक होत असतील आणि स्वतःचं पार्किंग असेल तर इलेक्ट्रिक. पार्किंग नसेल तर सीएनजी. इलेक्ट्रिक ठरलीच, तर पार्किंगपर्यंत वायर न्यायची सोसायटीची परवानगी आधी लेखी घ्या, बुकिंग त्यानंतर.