सुटलेली दहावी, राहिलेली पदवी: गोव्यात राहून काय परवडतं?

यंदा चवथीला आमच्या डिचोलीच्या घरी तिघांनी एकच विषय काढला, राहिलेल्या शिक्षणाचा. वहिनीची दहावी गणितात अडकलेली, दीर आठवीनंतर वायरमनच्या हाताखाली लागलेला आणि बारावी झालेली भाची कळंगुटच्या हॉटेलात रिसेप्शनला. तिघांना एकच सल्ला देता आला नाही.

वहिनीसाठी एनआयओएस, म्हणजे घरी अभ्यास करून दहावी-बारावी देता येणारं केंद्राचं मुक्त शाळा बोर्ड, हे मी लगेच सांगितलं. वयाची वरची मर्यादा नाही. एकदा नोंदणी केली की ५ वर्षं चालते आणि तेवढ्यात परीक्षेच्या ९ संधी मिळतात, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर अशा वर्षातून दोन. पाचही विषय एकदम द्यायची सक्ती नाही. दहावी मराठी माध्यमातून करता येते. पूर्वीच्या बोर्डात पास झालेल्या दोन विषयांपर्यंतचे गुण धरून घेतात, म्हणून जुनी मार्कलिस्ट शोधा. ती किती जुनी चालेल, हे मात्र फॉर्म भरण्याआधीच केंद्रावर विचारून घ्या.

गणित न घेताही इथे दहावी होते. वहिनी ऐकून खूश झाली, पण थांबा. उद्या पॉलिटेक्निकच्या डिप्लोमाला जायचं मनात आलं तर तिथे दहावीचं गणित आणि विज्ञान लागतं. ज्याला फक्त दाखला हवाय त्याने खुशाल सोडावं. पुढचं ठरलेलं नसेल तर गणिताशी एकदा भांडून घेतलेलं बरं. आणि इथे रोज हजेरी घेणारं कोणी नाही. पुस्तकं घरी येतात आणि बऱ्याच घरांत ती कपाटावरच राहतात.

दिराला मी आयटीआयच सुचवला. पणजी, फर्मागुडी, डिचोली, काकोडा इथे सरकारी आयटीआय आहेत. वायरमन, वेल्डर, प्लंबर यांसारख्या काही ट्रेडना आठवी पास चालतं. अडचण एकच, आणि ती मोठी आहे: दिवसभर हजर राहावं लागतं. रोजंदारी बुडते, घर चालवणाऱ्याला ते झेपत नाही. ज्याला झेपेल त्याला हातात कामाचं प्रमाणपत्र मिळतं. पुढे एनआयओएसमधून दहावी करताना त्या प्रशिक्षणाचं श्रेयही मिळतं.

भाचीपुढे कॉलेज की इग्नू (केंद्राचं मुक्त विद्यापीठ), असा प्रश्न होता. नोकरी सोडायची नसेल तर कॉलेजचा विचारच नको. मान्यताप्राप्त दूरशिक्षणाच्या पदवीला यूजीसी, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोग, नियमित पदवीच्या बरोबरीचं मानते, तेव्हा 'घरबसली डिग्री' म्हणून नाक मुरडणाऱ्यांकडे लक्ष देऊ नये. बीए कमीत कमी ३ वर्षांत, जास्तीत जास्त ६ वर्षांत पुरी करायची. साधारण ३० टक्के गुण स्वाध्यायांना, उरलेले परीक्षेला. पुस्तकं बहुतेक इंग्रजी-हिंदीत असतात. मराठी शाळेतून आलेल्यांना पहिले सहा महिने जड जातात.

सावंतवाडीच्या मावसभावाने नाशिकच्या मुक्त विद्यापीठातून पदवी केली, मग आम्ही का नको? कारण ते महाराष्ट्राचं, आणि राज्याच्या विद्यापीठाला दूरशिक्षणाची केंद्रं राज्याबाहेर चालवता येत नाहीत. गोव्यात कोणी असं केंद्र दाखवत असेल तर पैसे भरू नका.

इग्नूच्या परीक्षा जूनला आणि डिसेंबरला. डिसेंबर म्हणजे ऐन सीझन, हॉटेलवाला रजा देणारच नाही. जूनमध्ये पाऊस, खोल्या रिकाम्या, मॅनेजर स्वतःच रजा घ्या म्हणतो. डिसेंबरचे राहिलेले पेपर जूनला देता येतात. भाचीने प्रवेशाच्या चौकशीला पर्वरीच्या इग्नू केंद्रावर जायच्या आधी मॅनेजरकडे जूनच्या रजेचं बोलून ठेवलं आहे.