ऑनिंग, जादा खुर्च्या आणि उसनं द्यायची पेटी: काही महिन्यांच्या वापरानंतर

कॅम्परव्हॅनचे रिव्ह्यू बहुधा पलंग, फ्रिज आणि सोलर पॅनल यांच्यातच अडकून पडतात. हा रिव्ह्यू दाराबाहेरच्या सामानाचा आहे. मुक्कामाच्या जागी शेजारच्या गाडीतल्या माणसांशी ओळख होते ती दाराबाहेरच, आणि तिची कारणं बहुतेक वेळा दोनच असतात: कुणाला सावली हवी असते, नाहीतर कुणाची गाडी अडलेली असते. म्हणून या दोन गोष्टींसाठी घेतलेलं सामान एकत्रच तपासलं आहे. 3 मीटर लांब आणि अडीच मीटर बाहेर येणारं हँडलवालं कॅसेट ऑनिंग (गाडीच्या बाजूवरच्या लांबट पेटीत गुंडाळलेलं, बाहेर काढायचं कापडी छत), पाहुण्यांसाठी दोन जादा घडीच्या खुर्च्या, एक 12 व्होल्टचा दिवा आणि उसनं द्यायच्या वस्तूंची एक झाकणाची पेटी. सगळं मिळून वजन 40-45 किलो भरतं. गाडीची वजनमर्यादा साडेतीन टन असेल, तर हे चढवण्याआधी भरलेली गाडी एकदा वजनकाट्यावर घालून बघा. पाण्याची टाकी, माणसं आणि सामान धरलं की किती थोडी जागा उरते, ते तिथेच कळतं.

आधी ऑनिंग, कारण सगळ्यात जास्त बोलण्यासारखं त्यातच आहे. ते सरकत्या दाराच्या बाजूला बसतं. हे साधं वाटतं, पण गाडी कशी उभी करता यावर शेजार ठरतो. दोन गाड्या एकाच दिशेला तोंड करून शेजारी उभ्या राहिल्या, तर तुमचं ऑनिंग शेजारच्या गाडीच्या दार नसलेल्या बाजूकडे उघडतं. दोघांना एकांत मिळतो, बोलणं मात्र होत नाही. एका गाडीचं तोंड उलटं केलं की दोन्ही दारं समोरासमोर येतात आणि मध्ये सामाईक अंगण तयार होतं. त्यामुळे उलटी गाडी लावण्याआधी विचारायलाच हवं. कुणाच्या दारासमोर न विचारता दार उघडणं बरं दिसत नाही. काही जागी तर सगळ्या गाड्या एकाच दिशेनं लावायचा नियमच असतो. समोरासमोर लावताना दोन्ही ऑनिंगच्या कडांमध्ये 3 मीटर मोकळे सोडा. दोन्हीकडची अडीच-अडीच मीटर धरली तर गाडी ते गाडी 8 मीटर होतात. हे अंतर आगीसाठी आहे. शिवाय दोन्ही गाड्या रिव्हर्स न घेता सरळ पुढे निघू शकतील, अशाच उभ्या करा. रात्री निघायची वेळ आली तर दुसऱ्याला उठवावं लागू नये.

उघडायची पद्धत: हँडलनं कापड मीटरभर बाहेर काढा, थांबा, पुढच्या दांड्यातले घडीचे पाय खाली सोडा आणि मगच पुढे चालू ठेवा. पाय न सोडता पूर्ण उघडलं की सगळा भार दोन हातांवर आणि छताजवळच्या ब्रॅकेटवर येतो. पूर्ण बाहेर आल्यावर हँडल थोडं उलट फिरवून कापड ताणून घ्या. त्यानंतर एक कोपरा दुसऱ्यापेक्षा 15-20 सेंटिमीटर खाली ठेवा, म्हणजे पाणी एका बाजूनं वाहून जातं. हे न केल्यास काय होतं याचा हिशेब सोपा आहे: एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. या ऑनिंगचं क्षेत्र साडेसात चौरस मीटर. 10 मिलिमीटरची एक सर झोळात साचली तर 75 किलो. ॲल्युमिनियमचे हात वाकतात ते असे. ब्रॅकेट उपटलं तर नुसतं ऑनिंग जात नाही, छताचं सील फुटतं आणि गाडीत गळती सुरू होते.

पावसापेक्षा वारा वाईट. खालून घुसलेला वारा अख्खं ऑनिंग उचलून छतावर उलटं टाकू शकतो. वाऱ्याचा जोर मोजायच्या ब्यूफोर्ट मापात 4 म्हणजे ताशी 20 ते 28 किलोमीटर: धूळ आणि कागद उडतात, बारीक फांद्या हलतात. इथपर्यंत खुंट्या आणि ताणपट्टा यांवर निभावतं. 5 म्हणजे 29 ते 38: छोटी झाडं डोलायला लागतात. तेव्हा गुंडाळायचं, चर्चा नको. खुंटी जमिनीत 45 अंशांत, डोकं ऑनिंगपासून बाहेरच्या बाजूला झुकलेलं. कडक जमिनीत 20-25 सेंटिमीटरच्या जाड पोलादी खुंट्या लागतात. सोबत येणाऱ्या पातळ तारेच्या खुंट्या पहिल्या दगडावर वाकतात. वाळूत कुठलीच छोटी खुंटी धरत नाही. वाळू भरलेली पिशवी दोरीला बांधून पुरावी लागते. पट्ट्याला स्प्रिंग असेल तर झटके तिथे जिरतात, ब्रॅकेटपर्यंत पोचत नाहीत.

गप्पा रंगल्यावर वाऱ्याकडे कुणाचंच लक्ष नसतं, हा या वस्तूचा खरा दोष. म्हणून शेजाऱ्याकडे बसायला जाताना आपलं ऑनिंग आधी आत घ्यावं, अगदी समोरच जायचं असलं तरी. ओलं गुंडाळावं लागलं तर एक-दोन दिवसांत उघडून वाळवा. पीव्हीसी कापडावरची बुरशी पुसली जाते, शिवणीतली मात्र डाग ठेवून जाते. आणि ताणदोऱ्या परावर्तक घ्या. मालकाला दोरी कुठे आहे ते माहीत असतं, पाहुण्याला नसतं, आणि अंधारात अडखळतो तो पाहुणाच.

खुर्च्यांबद्दल थोडक्यात. बैठक जमिनीपासून 40-45 सेंटिमीटर उंच हवी. समुद्रकाठच्या बुटक्या खुर्च्या हलक्या असतात, पण गुडघे दुखणारा माणूस त्यात बसत नाही, आणि बसला तर उठत नाही. भारक्षमता 120 किलोची बघा. पायांना रुंद टोप्या हव्यात, नाहीतर ओल्या जमिनीत एक पाय रुततो आणि खुर्ची कलते. जादा खुर्च्यांचा उपयोग दोन्हीकडून होतो: उभा माणूस पाच मिनिटांत निघतो, बसलेला तासभर थांबतो. कुणी थांबायला नको असेल तेव्हा जादा खुर्ची आतच राहू द्यावी, न बोलता कळतं.

दिवा 2700 केल्विनचा म्हणजे पिवळसर, उजेड 200 लुमेनच्या आसपास, खाली तोंड केलेला. पांढऱ्या-निळसर एलईडीकडे किडे जास्त येतात आणि शेजारच्या पडद्यातून तो उजेड आत घुसतो. आवाजाचं म्हणाल तर बोलण्यापेक्षा सरकतं दार जास्त त्रास देतं. रात्री दहानंतर दार एकदाच, हलक्या हातानं. लागणाऱ्या वस्तू आधीच बाहेर काढून ठेवाव्यात.

आता पेटी. ओळखी वाढवण्यात ऑनिंगपेक्षा हिचा वाटा मोठा, आणि पैशाच्या मानानं तर फारच मोठा. सगळ्यात जास्त मागितली जाते ती जम्पर केबल, म्हणजे बॅटरी उतरलेली गाडी दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून सुरू करायची जाड वायर. डिझेल व्हॅनसाठी तांब्याची जाडी 25 चौरस मिलिमीटर हवी आणि लांबी किमान 3 मीटर, कारण बऱ्याच व्हॅनमध्ये स्टार्टर बॅटरी बॉनेटखाली नसते. ती सीटखाली किंवा पायाखालच्या फळीखाली असते. बॉनेटमध्ये त्यासाठी वेगळे जोडबिंदू दिलेले असतात, ते शोधा. केबल काढण्याआधी एक प्रश्न विचारायचाच: गाडी 12 व्होल्टची की 24 ची? ट्रकवर बांधलेली घरं अनेकदा 24 व्होल्टची असतात आणि ती 12 च्या गाडीला जोडली तर इलेक्ट्रॉनिक्स जळतात. क्रम असा: लाल आधी बंद गाडीच्या धनाला, मग चालू गाडीच्या धनाला, काळी चालू गाडीच्या ऋणाला, आणि शेवटचं टोक बंद गाडीच्या इंजिनावरच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. शेवटच्या जोडणीला ठिणगी उडते आणि बॅटरीजवळ हायड्रोजन असू शकतो, म्हणून. चालू गाडी पाच मिनिटं तशीच चालू ठेवा, मग समोरच्याला स्टार्टर मारू द्या. काढताना उलट क्रम. गाडीतल्या दिवे-फ्रिजच्या लिथियम बॅटरीवरून मात्र इंजिन सुरू करून द्यायला जाऊ नका. तिच्या आतलं संरक्षण सर्किट बऱ्याचदा 100 अँपिअरच्या आसपास तोडतं, स्टार्टरला कितीतरी जास्त लागतात.

मोबाइल चार्ज करून द्यायला हरकत नाही. फोनची बॅटरी 15 ते 20 वॅट-तासांची, 100 अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी 1280 ची. म्हणजे दीडेक टक्का. लॅपटॉपला 50-60. केस वाळवायचं यंत्र किंवा विजेची किटली यांना नम्रपणे नाही म्हणायचं: 1000 वॅट म्हणजे 12 व्होल्टवर इन्व्हर्टरची गळती धरून 90 अँपिअरच्या वर. तसंच मुक्कामाच्या जागेच्या वीजजोडणीवर एकाचे दोन करणारा प्लग लावून दोन गाड्या जोडू नका. 10 अँपिअरच्या वीजखांबावर 230 व्होल्टनं एकूण 2300 वॅट मिळतात, आणि दोन हीटर लागले की ट्रिप होऊन दोघंही अंधारात. वायरचं भेंडोळं पूर्ण सोडलेलं नसेल तर ते तापून वितळूही शकतं.

हवेचा पंप बॅटरीला चिमट्यानं जोडायचा घ्या, लायटर सॉकेटचा नको. तो सॉकेट साधारण 15 अँपिअरच्या फ्यूजवर असतो, म्हणजे 180 वॅट. वाळूतून निघण्यासाठी कुणी टायरची हवा दीड बार दाबावर आणली असेल आणि त्यांना परत साडेचार हवे असतील, तर छोटा पंप तापून बंद पडतो आणि अर्धी दुपार जाते. रुतलेल्या गाडीला ओढताना दोर टो-बॉलला (ट्रेलर जोडायच्या मागच्या गोळ्याला) बांधून झटका कधीच देऊ नका. बॉल तुटून गोळीसारखा उडतो. दोर बांधायचा पुढचा हुक अवजारांच्या पिशवीत असतो आणि बंपरमधल्या झाकणामागे आवळायचा असतो. काही गाड्यांत त्याचे आटे उलटे असतात. बसत नाही म्हणून जोर लावण्याआधी डावीकडे फिरवून बघा.

नळाच्या जोडण्या अर्धा, पाऊण आणि एक इंची, सोबत मूठभर रबरी वॉशर. वॉशरच हरवतात. अमेरिकन पाऊण इंची होसचे आटे इंचाला साडेअकरा, ब्रिटिश पद्धतीचे 14. एक-दीड फेरा बसल्यासारखं वाटतं आणि मग पाणी फवारतं. पिण्याच्या पाण्याचा पाइप उसना देताना तो टॉयलेट कॅसेट (शौचालयाची काढता येणारी मैल्याची टाकी) धुवायला जाणार नाही ना, हे स्पष्ट विचारा. शंका असेल तर पाइप न देता 10 लिटरचा कॅन भरून द्या. गॅस सिलिंडर आणि रेग्युलेटर मात्र पेटीत नाहीत आणि देऊही नयेत. देशागणिक जोडण्या वेगळ्या आणि गळतीची जबाबदारी कुणावर, हा वाद ओळख मोडतो. पाऊस आला म्हणून पेटलेली शेगडी बाजूचे पडदे लावलेल्या ऑनिंगखाली ओढण्याची सूचना पाहुण्यांतून हमखास येते. ती मानू नका. विझत आलेले कोळसेही कार्बन मोनॉक्साइड सोडतात. गाडीतला कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म ईएन 50291-2 या, अशा गाड्यांसाठीच्या युरोपीय मानकाचा असू द्या.

मुक्कामाच्या जागांच्या माहितीची देवाणघेवाण हा शेजाराचा मोठा फायदा. पार्कफॉरनाइट किंवा आयओव्हरलँडर या मुक्कामाच्या जागा दाखवणाऱ्या ॲपवर जागा सापडते, पण पावसानंतर तिथली उतरण कशी होते, हे कालच तिथून आलेला माणूस सांगतो. अक्षांश-रेखांश घेताना दशांश अंश घ्या आणि चार-पाच आकडे पूर्ण लिहा. चौथ्या दशांशाला फरक 11 मीटर, दुसऱ्यालाच थांबलात तर किलोमीटरभर. अंश-मिनिटांत लिहिलेला आकडा दशांश समजून टाकला की माणूस भलत्याच दरीत पोचतो. आपण परवा नक्की कुठे मुक्काम करणार, हे मात्र पहिल्याच भेटीत सांगायची गरज नाही. दिशा सांगितली तरी पुरे. शेजारी बसायला गेलात तर आपली गाडी कुलूपबंद, किल्ली खिशात.

रोज जागा बदलणाऱ्यांनी कॅसेट ऑनिंग घेऊ नये, असंच मत झालं आहे. पायांची उंची, खुंट्या आणि ताण धरून नीट लावायला पंधरा-वीस मिनिटं जातात आणि एका रात्रीसाठी ते कुणी करत नाही. त्यांच्यासाठी छताच्या पन्हाळीत सरकवायचं 3 बाय 3 मीटरचं ताडपत्रीवजा छत, दोन खांब आणि चार दोऱ्या बऱ्या: वजन कॅसेटच्या पाव भागाहून कमी, फाटलं तर शिवता येतं, आणि वारा सुटला की मिनिटाभरात खाली येतं. पेटी दोघांनीही घ्यावी.