कॉम्प्युटरवर भोंगा वाजला तर त्या नंबरवर फोन करू नका: अंबाजोगाईतला आमचा अनुभव

कॉम्प्युटरवर अचानक लाल पान उघडलं, भोंगा वाजायला लागला आणि 'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे, बंद करू नका, ताबडतोब या नंबरवर फोन करा' असं दिसलं, तर फोन करू नका. बाकी सगळं सविस्तर सांगतोच, पण कुणी अर्ध्यात वाचणं सोडलं तरी एवढं लक्षात राहू द्या. विंडोजच्या खऱ्या इशाऱ्यात कधीही फोन नंबर नसतो. नंबर दिसला की पलीकडं ठग बसलाय, असंच धरून चाला.

आमच्या घरी हे मागच्या सोयाबीन काढणीच्या दिवसांत घडलं. माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणतो, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक. घर अंबाजोगाईला, थोडी शेती गावाकडं. मी लातूरला एका कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये नोकरी करतो. सातबाऱ्यावर एका गटाचं क्षेत्र चुकून लागलेलं, त्याच्या दुरुस्तीचा अर्ज दादांना स्वतःच टाइप करायचा होता. त्यासाठी त्यांनी मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर शोधलं. जे पान उघडलं त्यावर तीन मोठी हिरवी 'डाउनलोड' बटणं होती. ती तिन्ही जाहिरातीची. खरी लिंक खाली बारीक निळ्या अक्षरांत. दादांनी हिरवं बटण दाबलं, मग इन्स्टॉल करताना नेक्स्ट, नेक्स्ट. मधल्या एका पानावर आधीच टिक केलेली चौकट होती, 'शिफारस केलेलं सेटिंग' नावाची. सगळी मेख त्या चौकटीत होती.

खरं तर डाउनलोड करायची गरजच नव्हती. विंडोजमध्ये मराठी कीबोर्ड आधीपासून असतो. सेटिंग्जमध्ये भाषा म्हणून मराठी जोडायची, की इनस्क्रिप्ट हा कीबोर्ड मिळतो आणि २०१९ पासूनच्या विंडोजमध्ये इंग्रजी अक्षरांवरून मराठी उमटवणारा फोनेटिकही मिळतो. हे दुकानदार सांगत नाही आणि शाळेत कुणी शिकवलेलं नसतं. आपल्याकडं अर्ध्याअधिक घरांतला ब्राउझर असा मराठी फॉन्ट नाहीतर पीकविम्याची यादी शोधतानाच बिघडत असेल, असं मला वाटतं.

त्या दिवसापासून क्रोम उघडलं की गूगलऐवजी भलतंच सर्चचं पान यायचं. वर पत्त्याच्या जागी काहीही टाइप केलं की आधी त्या पानावर, तिथून दुसऱ्याच कुठल्यातरी साइटवर. दादांनी सेटिंग्जमध्ये जाऊन गूगल परत लावलं, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. क्रोमच्या तीन टिंबांच्या मेनूत तळाशी एक ओळ दिसायला लागली होती, की हा ब्राउझर तुमची संस्था सांभाळते. घरच्या कॉम्प्युटरला कसली संस्था? ऑफिसांत सगळ्या मशीनवर एकच सेटिंग ठेवायला पॉलिसी नावाची सोय असते. ती असे ठग घरच्या मशीनवर चोरून लावतात, म्हणजे त्यांचं एक्स्टेन्शन, ब्राउझरला जोडलेला छोटा प्रोग्रॅम, काढायचं बटणच चालत नाही. त्यातच कुठल्याशा पानावर 'तुम्ही रोबोट नाही हे दाखवायला अलाउ दाबा' असं आलं आणि दादांनी अलाउ दाबलं. त्यानं त्या साइटला नोटिफिकेशन पाठवायची परवानगी मिळाली. मग स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात दिवसभर 'पाच व्हायरस सापडले' अशा पाट्या. त्यातल्याच एकीवर क्लिक झालं आणि लाल पान उघडलं.

इथवर जे झालं ते त्रासदायक होतं, पण त्यात पैसा गेला नव्हता. नको ते एक एक्स्टेन्शन, एक परवानगी आणि एक खोटं वेबपान, एवढाच तो आजार. ते पान नुसतं फुल स्क्रीन झालेलं असतं. एस्केप की दाबून धरली की स्क्रीन मोकळी होते, नाहीच झाली तर कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजरमधून क्रोम बंद करायचं आणि परत उघडताना 'रिस्टोअर' म्हणायचं नाही. पण भोंग्यासोबत एक बाई बोलत असते की बंद केलंत तर डेटा जाईल. दादा नंतर मला म्हणाले, "अरे, बंद कामून करू? ती म्हणत होती बंद केलं की सगळं उडून जाईल. तुमच्या लहानपणीचे फोटो हायेत त्यात."

दादांनी त्या नंबरवर फोन लावला. उचलणारा माणूस हिंदीत, फार अदबीनं बोलणारा. "सर, घबराइए मत, हम हैं ना." त्यानं दादांना एनीडेस्क, म्हणजे दुसऱ्याचा कॉम्प्युटर दुरून चालवायचं सॉफ्टवेअर, टाकायला लावलं, नऊ-दहा आकडी नंबर विचारून घेतला, 'अॅक्सेप्ट' दाबायला लावलं. झालं, माउस त्याच्या हातात. मग त्यानं इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची नोंदवही, उघडून दाखवला. त्यात लाल-पिवळ्या खुणांच्या नोंदींची रांग. "देखिए सर, इतने सारे एरर." या नोंदी धडधाकट कॉम्प्युटरमध्येही असतात, आमच्या लॅबमधल्या नव्याकोऱ्या मशीनवरही आहेत. त्यानंतर काळी खिडकी उघडून 'ट्री' ही कमांड चालवली. ती फक्त फोल्डरांची यादी दाखवते, पण नावं भराभर वर सरकत जातात, बघणाऱ्याला वाटतं तपासणी चाललीय. यादी संपता संपता त्यानं खाली स्वतःच इंग्रजीत टाइप केलं, 'व्हायरस सापडला, सुरक्षा संपली'. दादांना ते कॉम्प्युटरनंच लिहिलं असं वाटलं. का वाटू नये? तीन वर्षांच्या 'सुरक्षेचे' ₹७,५०० त्यानं यूपीआयवर घेतले.

दादांना खुळं म्हणणाऱ्या नातेवाइकांचा मला राग येतो. ही धंद्यासारखी चालणारी टोळी आहे, ठरलेली वाक्यं, ठरलेला क्रम. ऑक्टोबर २०२३ मध्ये सीबीआयनं ऑपरेशन चक्र-२ मध्ये देशभर छापे घातले, त्यात मायक्रोसॉफ्ट आणि अॅमेझॉनच्या तक्रारींवरून अशीच तांत्रिक मदतीच्या नावाखाली लुटणारी कॉल सेंटर होती. तिथं दिवसभर हेच काम करणाऱ्या माणसापुढं घरात एकटा बसलेला म्हातारा माणूस किती टिकणार?

मोठा घाव नंतर बसला. एनीडेस्क कॉम्प्युटरवर तसंच होतं आणि त्या ठगानं त्यात स्वतःचा पासवर्ड लावून ठेवला होता, म्हणजे इकडून 'अॅक्सेप्ट' न दाबताही त्याला आत येता येत होतं. स्पायवेअर स्पायवेअर, म्हणजे गुपचूप नजर ठेवणारं सॉफ्टवेअर म्हणतात, ते आमच्या घरात असं आलं, फोनवरून सांगून, आपल्याच हातानं बसवून घेऊन. काही दिवसांनी पुन्हा फोन आला. कंपनी बंद होतेय, तुमचे पैसे परत देतो, फक्त नेट बँकिंग उघडा. दादांनी उघडलं, आणि स्क्रीन काळी झाली. "सर्वर अपडेट हो रहा है सर, मोबाइल पे जो नंबर आएगा वो बता दीजिए." काळ्या स्क्रीनमागं तो दादांच्या खात्यातून पैसे पाठवत होता. दोन ओटीपी सांगून झाले, ₹४९,००० गेले. पेन्शनचे. तेवढ्यात शेतावरून परतलेली माझी ताई खोलीत आली, काळी स्क्रीन आणि फोनवर आकडे सांगणारे दादा बघितले आणि तिनं आधी राउटरची पिन उपसली. मग १९३० लावला, सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन.

ताईचं हे वागणं प्रत्येकानं पाठ करून ठेवावं. आधी इंटरनेट तोडायचं, मग १९३०. बँकेच्या शाखेत रांगेत उभं राहायला, पोलीस ठाण्यात जायला वेळ नंतर मिळतो. १९३० वर तक्रार गेली की पैसे ज्या खात्यात गेलेत तिथं ते गोठवायची हालचाल सुरू होते, म्हणून मिनिटं मोलाची. आमचे ₹२९,००० गोठवता आले, उरलेले तोवर एटीएममधून निघून गेले होते. पुढं सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या सरकारी पोर्टलवर तक्रार पुरी केली. बँकेनं सांगितलं, ओटीपी तुम्हीच दिला. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकात खातेदाराच्या निष्काळजीपणानं गेलेली रक्कम कळवेपर्यंत त्याच्याच माथी होती, कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणून कळवल्याची वेळ आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा. बँकेच्या त्या वाक्याला आमच्याकडं तेवढंच उत्तर होतं.

आता दुसरी फसवणूक, जी आपल्याच गावात झाली आणि जिच्याबद्दल कुणी बोलत नाही. मी लातूरहून पोचायच्या आत शेजाऱ्यांच्या सल्ल्यानं कॉम्प्युटर गावातल्या एका दुकानात गेला. त्यानं फॉरमॅट मारला, ₹८०० घेतले, वर ₹६०० चा 'लाइफटाइम' अँटिव्हायरस. घरी आणून दादांनी क्रोममध्ये ईमेलनं साइन इन केलं, आणि ते सर्चचं पान परत हजर. दुकानदार म्हणाला हार्डडिस्कमध्येच व्हायरस शिरलाय, नवी घ्या. हे धादांत खोटं. क्रोम तुमची एक्स्टेन्शन आणि सेटिंग्ज गूगल खात्यात साठवतं, साइन इन केलं की सिंक होऊन ती सगळी परत उतरतात. पाहुणा गूगलच्या खात्यात बसलेला, आणि हा हार्डडिस्क विकायला निघाला.

त्याहून वाईट मला विंडोज सिक्युरिटी उघडल्यावर दिसलं. तिथं 'एक्स्क्लुजन्स' म्हणजे तपासणीतून वगळलेल्या जागांची यादी असते. त्यात अख्खा सी ड्राइव्ह घातलेला. कारण दुकानदारानं चोरीचं विंडोज टाकलं होतं, आणि ते चालू करणारा अॅक्टिव्हेटर विंडोजच्या डिफेंडर या अँटिव्हायरसनं पकडू नये म्हणून पहारेकऱ्याचेच डोळे बांधले होते. आमचा कॉम्प्युटर कंपनीचा, त्याच्यासोबत अस्सल विंडोज विकत आलेलं. ते पुसून त्यानं आम्हाला पैसे घेऊन चोरीचं दिलं. तुमच्या मशीनवर ही यादी आजच बघा, रिकामी असायला हवी.

मी मग सगळं नव्यानं केलं. मोबाइलवरून, कॉम्प्युटरवरून नाही, आधी ईमेलचा पासवर्ड बदलला, मग बँकेचा, कारण ईमेल ज्याच्या हातात त्याला बाकीचे पासवर्ड बदलून घेता येतात. गूगल खात्यातून सगळ्या उपकरणांना साइन आउट केलं, सिंकचा डेटा पुसला. लॅबमध्ये मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून मीडिया क्रिएशन टूलनं ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर विंडोज घेतलं आणि घरी ते टाकलं. परवान्याची की विचारली तिथं 'माझ्याकडे नाही' म्हटलं. इंटरनेट जोडल्यावर विंडोज आपोआप अॅक्टिव्हेट झालं, कारण परवाना त्या मशीनच्या नावानं नोंदलेलाच होता. खर्च शून्य.

परका माणूस आत येऊन गेला असेल तर एवढं करावंच, त्याशिवाय मला झोप लागली नसती. पण नुसता ब्राउझर पळवला गेला असेल तर फॉरमॅटची गरज नाही. सेटिंग्जमधल्या अॅप्सची यादी तारखेनुसार लावा आणि बिघाड सुरू झाला त्या दिवशी काय शिरलं ते काढा. क्रोममधली अनोळखी एक्स्टेन्शन काढा, साइट सेटिंग्जमधल्या नोटिफिकेशनच्या यादीतून अनोळखी साइट उडवा, मग क्रोम रिसेट करा. डेस्कटॉपवरच्या क्रोमच्या चिन्हावर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये 'टार्गेट'ची ओळ शेवटपर्यंत वाचा, पुष्कळदा तिथं त्या सर्चच्या पानाचा पत्ता चिकटवलेला असतो. आणि 'संस्था सांभाळते' ही ओळ जात नसेल तर मालवेअरबाइट्स कंपनीचं अॅडडब्ल्यूक्लीनर मोफत आहे, फक्त त्यांच्याच साइटवरून घ्या. शेवटी डिफेंडरचं ऑफलाइन स्कॅन. त्यात कॉम्प्युटर बंद होऊन परत चालू होतो आणि विंडोज उठायच्या आधीच तपासणी होते, घाबरू नका.

दादांचं खातं आता स्टँडर्ड आहे, नवीन काही टाकायचं तर अॅडमिनचा पासवर्ड लागतो आणि तो ताईकडं. ब्राउझरमध्ये जाहिराती अडवणारं यूब्लॉक ओरिजिन लाइट आहे, आणि कुठल्याच साइटनं नोटिफिकेशनची परवानगी मागायची नाही असं सेटिंग. हल्ली 'रोबोट नाही' म्हणून विंडोज की आणि आर दाबून काहीतरी पेस्ट करायला सांगणारी पानं आलीत. त्यात पेस्ट होते ती कॉम्प्युटरला दिलेली आज्ञाच, आणि एंटर मारला की ती चालते. हे मी दादांना करून दाखवलं, एंटर न मारता.

एक गोष्ट मात्र हातची गेली. सायबर पोलिसांनी विचारलं, एनीडेस्कची नोंद आहे का. सी ड्राइव्हवरच्या प्रोग्रॅमडेटा फोल्डरात एनीडेस्कच्या नावाचं फोल्डर असतं, त्यातल्या कनेक्शन ट्रेस नावाच्या फाइलमध्ये आत आलेल्याचा नंबर आणि वेळ लिहिलेली असते. दुकानदाराच्या फॉरमॅटमध्ये ती गेली. म्हणून फसवणूक झाली असेल तर फॉरमॅटच्या आधी ते फोल्डर पेनड्राइव्हवर उतरवून घ्या, आलेल्या फोन नंबरांचे आणि बँकेच्या मेसेजचे स्क्रीनशॉट काढा, यूपीआयचा व्यवहार क्रमांक लिहून ठेवा. आयटी कायद्याच्या कलम ६६डी मध्ये तोतयेगिरी करून फसवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे, पण पुरावा आपल्यालाच द्यावा लागतो. आमचे गोठवलेले ₹२९,००० तेव्हा कोर्टाच्या आदेशाशिवाय सुटत नव्हते. अर्ज दिलाय, सोबत तक्रार क्रमांक, पासबुकाची पानं आणि ताईनं १९३० ला लावलेल्या फोनची वेळ जोडली आहे.