दुर्बिणीचा वेळ मागावा की अर्काइव्ह उघडावं?

खगोलशास्त्रात पीएचडीच्या दुसऱ्या वर्षातल्या एका मैत्रिणीला हा पेच पडलाय: नव्या निरीक्षणासाठी प्रस्ताव लिहावा, की आधीच घेतलेल्या निरीक्षणांचा साठा, म्हणजे अर्काइव्ह, वापरावा.

वेळेचं गणित आधी. जेम्स वेब अवकाश दुर्बिणीच्या चौथ्या निरीक्षण-सत्रासाठी सुमारे २,४०० प्रस्ताव आले; उपलब्ध वेळेच्या जवळपास नऊपट मागणी. मंजुरी मिळाली तरी निरीक्षणाला महिने लागतात. मास्ट या ऑनलाइन अर्काइव्हमध्ये मात्र आकाशस्थानाचे निर्देशांक टाकले की हबल आणि वेब या अवकाश दुर्बिणींच्या फिट्स फाइल्स (खगोलीय निरीक्षणं साठवण्याचा नेहमीचा प्रकार) आजच उतरवता येतात. काही फाइल्स मूळ प्रस्ताव देणाऱ्यांसाठी राखीव असतात, वेबच्या बाबतीत सहसा वर्षभर.

मेहनत दोन्हीकडे आहे. अर्काइव्हमधलं निरीक्षण दुसऱ्याच्या प्रश्नासाठी घेतलेलं असतं, त्यामुळे फिल्टर आणि एक्स्पोजर आपल्या कामाचे आहेत का, हे हेडर (फाइलच्या सुरुवातीची नोंद) उघडून तपासावंच लागतं. हबलच्या फाइलमधला ‘डीक्यू’ थर खराब पिक्सेल दाखवतो. तो न पाहता मोजमाप करू नका, कळकळीने सांगते.

पण १९९० पासूनचा, म्हणजे हबल अवकाशात गेल्यापासूनचा, भूतकाळ फक्त अर्काइव्हच देतं. शिवाय हबलकडे अर्काइव्ह-संशोधनासाठी वेगळे प्रस्तावही मागवतात.

प्रबंधाची मुदत जवळ असेल किंवा जुने बदल शोधायचे असतील, तर अर्काइव्ह. हवा तो वर्णपट कुणीच घेतलेला नसेल, तर प्रस्ताव लिहा, आणि अर्काइव्हमध्ये तो नाही हे त्यात दाखवा.