नागपुरात फॉल्टच्या दगडाच्या स्लाईड बनवायच्या असतील तर इथेच द्या

पहिलेच सांगून देतो. साधा बेसाल्ट, ग्रॅनाइट असला तर त्याची स्लाईड (मायक्रोस्कोपखाली बघायला काचेवर चिकटवून घासलेला दगडाचा पातळ काप) कुठेही बरी बनते, पण फॉल्ट झोनमधला दगड (फॉल्ट म्हणजे दगडातली अशी भेग की जिच्या दोन बाजू एकमेकींवर सरकल्यात), म्हणजे भुगा झालेला, भेगांत माती भरलेली, हातात धरला तरी कडा सुटतात असा, तो नागपुरात मी फक्त या काकांच्याच वर्कशॉपला देतो. रिव्ह्यू लांबणार आहे, पण डिझर्टेशनवाले पोट्टे वाचतील म्हणून सगळं लिहून ठेवतो.

आमचे नमुने गाविलगड-तान शिअर झोनमधले (फॉल्टसारखाच, पण दगड सरकून-घासून गेलेला रुंद पट्टा), छिंदवाड्याकडचे. तिथल्या जुन्या ग्रॅनाइटी दगडात काळ्या बारीक शिरा सापडतात, स्युडोटॅकिलाइटच्या. त्यावरचा पेपर २००८ मध्ये जिऑलॉजिकल मॅगझिनमध्ये येऊन गेलाय. स्युडोटॅकिलाइट म्हणजे घर्षणाने वितळलेला दगड. भूकंपात फॉल्टच्या दोन बाजू सेकंदाला मीटरभर अशा वेगाने घासतात, उष्णता इतक्या झपाट्याने तयार होते की तिला आजूबाजूला पसरायला वेळच मिळत नाही, तापमान १००० डिग्रीच्या वर जातं, पातळसा थर सेकंदांत वितळतो अन लवकरच गोठतो पण. फॉल्ट वर्षाला काही मिलिमीटर असा हळूहळू सरकत असला तर असं वितळणं होतच नाही. म्हणून भूवैज्ञानिक रिचर्ड सिब्सननी १९७५ मध्ये स्कॉटलंडच्या आउटर हेब्रिडीजमधल्या शिरा घेऊन त्या प्राचीन भूकंपांच्या आहेत असं मांडलं, आणि दुसरे भूवैज्ञानिक डॅरेल कोवननी १९९९ मध्ये तर जुन्या भूकंपाचा हाच एक खात्रीचा पुरावा असं म्हटलं. त्यानंतर आणखी खुणा पुढे आल्या, उष्णतेने विघटन झालेलं कार्बोनेट वगैरे, पण ग्रॅनाइटात काम करणाऱ्याला अजूनही पहिले हीच शीर शोधावी लागते.

आता आपल्या भागातली अडचण अशी की काळी शीर दिसली म्हणजे ती स्युडोटॅकिलाइटच असं नाही, डेक्कन ट्रॅपचा बारीक डाइक (भेगेत घुसून गोठलेला लाव्हारस) असू शकतो, नाहीतर न वितळता नुसता दळून दळून काळा पडलेला दगड, म्हणजे कॅटाक्लासाइट, असू शकतो, आणि हँड लेन्सने तिन्ही जवळपास सारखेच दिसतात. मायक्रोस्कोपखाली फरक कळतो. वितळलेल्या शिरेत क्वार्ट्झचे तुकडे उरलेले असतात आणि त्यांच्या कडा गोलसर, खाल्ल्यासारख्या असतात, बायोटाइट आणि हॉर्नब्लेंड ही गडद खनिजं मात्र लवकर वितळतात म्हणून गायब. काठाला दाणा एकदम बारीक कारण तिथे आधी थंड झालं. मुख्य शिरेतून बाजूला फुटलेल्या छोट्या शिरा दगडात थोडं आत जाऊन संपतात. कॅटाक्लासाइटमध्ये सगळ्याच खनिजांचे टोकदार तुकडे. डाइकमध्ये प्लॅजिओक्लेज या खनिजाच्या काड्या दिसतात आणि त्याचा घसरलेल्या पृष्ठभागाशी संबंध असेलच असं नाही. म्हणजे निकाल लागतो तो जास्त करून शिरेच्या काठावर, आणि कापताना सगळ्यात आधी तुटतो तोही काठच!

इथे काकांचं काम कामी येते. नमुना टेबलावर ठेवला की पहिला प्रश्न, बाण कुठेय? म्हणजे फील्डमध्ये दगडावर दिशेची खूण केली की नाही. मग फॉल्टच्या पृष्ठभागाला काटकोनात आणि त्यावरच्या घसरल्याच्या रेघांना समांतर असाच काप घेतात, कारण दुसऱ्या कोणत्याही दिशेने कापलं तर कोणती बाजू कुठे सरकली ते नीट वाचता येत नाही आणि बाजूला फुटलेल्या शिरा हुकू शकतात. स्लाईडच्या कोपऱ्यावर खाच करून देतात, त्यामुळे वर कोणतं खाली कोणतं हा वाद नंतर होत नाही.

कापायच्या आधी एपॉक्सी, म्हणजे दगड धरून ठेवणारं रेझिन. तोही व्हॅक्यूममध्ये, म्हणजे भेगांतली हवा निघून रेझिन आतपर्यंत जाते, आणि कडक करायला हॉट प्लेटवर घाई करत नाहीत, सावकाश साध्या तापमानाला वाळू देतात. माती जास्त असेल तर पाण्याऐवजी केरोसीनवर कापतात कारण पाण्याने फॉल्ट गाउजमधली (फॉल्टमध्ये दळून झालेल्या मऊ भुग्यातली) क्ले, म्हणजे चिकणमाती, फुगते. याआधी एका ठिकाणी (नाव नाही घेत) आमचा गाउजचा नमुना थेट पाण्यावर कापला गेला, जे बघायचं होतं तेच वाहून गेलं आणि स्लाईडच्या मधोमध भोक. तो नमुना परत मिळणारा नव्हता, फार वाईट वाटलं होतं.

शेवटचं घासणं काचेवर हाताने, कार्बोरंडम पावडरवर, आणि मधून मधून पोलरायझरखाली बघत राहतात. ०.०३ मिलिमीटरला क्वार्ट्झ करडा-पांढरा दिसला पाहिजे, पिवळा दिसला म्हणजे अजून जाड आहे. शिरेचा बारीक भाग या जाडीलाही काळाच दिसतो म्हणून मी थोडी आणखी पातळ मागतो, तर तेही करून देतात, क्वार्ट्झ न उडवता.

हे सगळं एवढं मनावर का घ्यायचं तर १९९७ चा जबलपूरचा भूकंप घ्या, ५.८ चा, केंद्र सुमारे ३५ किमी खोल. तिथला दगड कोण बघणार? खोलवर फॉल्ट नेमका कसा तुटतो हे हातात धरून बघायचं तर जुने फॉल्टच हवेत, जे झीज होऊन होऊन वर आलेत. त्यातली एक चांगली स्लाईड गेली म्हणजे तेवढी माहिती गेली. अन स्लाईड चांगली निघाली तरी फील्डची नोंद लागतेच, दक्षिण आफ्रिकेतल्या व्रेडेफोर्टच्या अशाच काळ्या शिरा उल्का आदळून झालेल्या आहेत, शीर दिसली की लगेच भूकंप लिहून मोकळं होऊ नका.

कमी काय, तर वेळ. फेब्रुवारी-मार्चमध्ये सगळ्या कॉलेजांचे नमुने एकदम येतात आणि काका फोनवर तारीख सांगतात ती पाळली जाईलच असं नाही. रेट पण साध्या स्लाईडपेक्षा जास्त, एपॉक्सीचा वेगळा लागतो, मला तो योग्य वाटतो. लेबल पेन्सिलने लिहितात, ते पुसट होते, नंबर घरी आल्या आल्या डायमंड पेनने कोरून घ्या. आणि एसईएमला (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपला) न्यायच्या असतील तर देतानाच पॉलिश्ड पाहिजे, कव्हरस्लिप (वरून चिकटवायची पातळ काच) नको असं सांगा, नाहीतर सवयीने चिकटवून देतात आणि मग ती काढताना शिरेचा काठ निघून यायची भीती असते.