खिडकी, ट्यूब का नर्सरी? फ्लॅटमधी भाजीची रोपं करायची असतील तर

संभाजीनगर घ्या नाहीतर लातूर, फ्लॅटला गॅलरी एकच अन् तिच्यापुढं दुसरी बिल्डिंग. अशात टमाटे, मिरची, वांग्याची रोपं घरात करायची का आणायची असं बरेच जण विचारायलेत. माझं म्हणणं, आधी महिना बघा.

खिडकी फुकट आहे, पण दक्षिणेची खिडकी हिवाळ्यातच कामाची. डिसेंबरात संभाजीनगरला भर दुपारी सूर्य 47 अंशाच्या आसपासच वर असतो, ऊन तिरपं होऊन पार आत फरशीवर येतं अन् रोपं मस्त होतात. तेच जूनमधी, म्हणजे पावसाळी मिरची-वांग्याची घाई असते तेव्हा, सूर्य डोक्यावर, उलट जरासा उत्तरेलाच कललेला, त्यात ढग, मग त्या खिडकीत थेट ऊन येतच नाही आणि रोप उजेडाकडं मान काढून दोऱ्यासारखं लांबतं अन् लोळतं. ट्रे रोज फिरवला तर वाकणं कमी होतं, लांबणं नाही. पूर्वेची खिडकी असेल तर जूनमधी तीच धरा.

ट्यूब म्हणजे साधी 20 वॅटची पांढरी एलईडी, डब्यावर 6500 के (म्हणजे केल्विन, उजेडाचा रंग सांगणारा आकडा) लिहिलेली. रोपांसाठी म्हणून विकतात त्या जांभळ्या ग्रो लाईटच्या मागं लागू नका, महाग तर असतातच, वर त्या उजेडात पान पिवळं पडलंय का हिरवं आहे तेच कळत नाही. ट्यूब शेंड्यापासून चार-सहा इंचावरच पाहिजे, छताला लावलेली काही कामाची नाही. रोज 15 तास चालवली तरी महिन्याला 9 युनिट. मधी तासभर लाईट गेली तर बिघडत नाही, पण रात्रभर चालू ठेवू नका, सतत उजेडात टमाट्याची पानं पिवळी पडतात.

खिडकी असो का ट्यूब, दोन्हीकडं रोपं मरतात ती जास्त करून पाण्यानं. घरात कोकोपीट (रोपं लावायचा नारळाच्या काथ्याचा भुसा) लवकर वाळत नाही, सवयीनं रोज पाणी घातलं की बुडात दांडी सडून रोप आडवं. वरचा थर वाळू द्या, मग ट्रेखालून पाणी द्या, पंखा हळू असू द्या.

दहा-बारा रोपंच लावायची असतील तर एवढा खटाटोप कशाला, नर्सरीतून आणा. शेडनेटमधली रोपं ठेंगणी, जाड दांडीची असतात. फक्त तिथं बहुतेक हायब्रीडच भेटतं, घरचं गावरान वांग्याचं बी असेल तर रोपं घरीच केल्याशिवाय इलाज नाही. भेंडी, गवारीचं मात्र रोप करूच नका, बी सरळ कुंडीत टोचा.

अन् घरातलं रोप एकदम गच्चीवर नेलं तर आपल्या उन्हात पानं पांढरी पडून करपतात. आधी सकाळचं तासभर ऊन, मग रोज थोडं वाढवत आठवडाभर तरी. नर्सरीवाल्याला विचारून घ्या, रोपं आधीच उन्हात काढलेली असतील तर संध्याकाळी आणून लगेच लावता येतात.