फ्रंटलाइन प्लस: पिसवांवर चालतं, पण कातडीवर पडलं तरच

फ्रंटलाइन प्लस हे कुत्र्याच्या कातडीवर लावायचं पिसवांचं औषध. त्यातलं फिप्रोनिल हे कीटकनाशक अंगावरच्या पिसवा साधारण 24 तासांत मारतं आणि सोबतचं एस-मेथोप्रीन अंडी-अळ्यांची वाढ रोखतं. म्हणून नुसत्या फिप्रोनिलपेक्षा हेच घ्यावं. 10 ते 20 किलोच्या कुत्र्याला 1.34 मिलीची पिपेट (औषध भरलेली छोटी नळी) लागते. 8 आठवड्यांखालच्या पिल्लाला लावू नका.

चुकतं ते लावताना. दोन खांद्यांच्या मध्ये, जिथे जीभ पोचत नाही तिथे, केस बोटांनी दुभागून कातडी नीट दिसू द्या आणि पिपेटचं टोक तिला टेकवूनच दाबा. केसांवर पडलेलं औषध वायाच जातं. आधी-नंतर दोन दिवस आंघोळ नको: औषध कातडीच्या तेलातून अंगभर पसरतं आणि शाम्पू तेच तेल काढून टाकतो.

आठवड्याने पुन्हा पिसवा दिसल्या की लोक औषधाला नावं ठेवतात. त्या सतरंजीतल्या, सोफ्याच्या फटींतल्या कोशांतून नव्याने निघालेल्या असतात. कोशावर औषधाची मात्रा चालत नाही. त्यामुळे अंथरूण गरम पाण्यात धुवा, फटींतून व्हॅक्यूम फिरवा आणि दर महिन्याला एक, असे निदान तीन डोस सलग द्या. घरात ससा असेल तर त्याला हे कधीच लावू नका, जिवावर बेततं.